व्हाउचर

पहिली बाई तीन दिवसांत गेली.
दुसरी हो म्हणाली आणि तिचा फोनच बंद.
तिसरीला नानांनी चोर ठरवलं.
चष्म्याचं घर फ्रिजमध्ये सापडलं तोवर
तिची पिशवी जिना उतरली होती.

रावपुऱ्यातल्या ब्युरोवाल्याच्या टेबलावर
काचेखाली अंबामाता, शेजारी दरपत्रक.
"बेन, बार कलाकना जुदा, चोवीस कलाकना जुदा.
डायपर बदलायचं असेल तर वरचे दोन हजार."
मी म्हटलं, नाही, अजून जातात आपले आपण.
'अजून' त्याने लिहून घेतलं नाही,
पेन मात्र जरा थांबलं.
मग वजन विचारलं.
एक्कावन्न किलो, मी म्हटलं,
कुरिअरच्या खिडकीशी सांगावं तसं.

रात्री आकडेमोड.
पेन्शन, वजा औषधं, वजा लाइटबिल,
वजा ब्युरोचं कमिशन, महिन्याभराचं, आगाऊ.
श्रीरंग ब्रिस्बेनहून म्हणाला, "अर्धे माझे."
अर्धे पैसे की अर्ध्या रात्री,
विचारायचं राहिलं.
उज्ज्वला म्हणाली, "मी दिवाळीत येतेच आहे ना."
तेवढ्यात दूध उतू गेलं.

मग कवाँटकडून रेसलीबेन आली,
एक पिशवी, एक चार्जर.
नानांना कसं उठवायचं ते तिने मला दाखवलं:
हात धरून ओढायचं नाही,
आपला खांदा द्यायचा आणि वाट बघायची.
तुझ्या आईकडे कोण बघतं गं?
"माझी मुलगी. अकरा वर्षांची आहे."
मी कणीक मळत राहिले.
तिला कोण काय देतं, असं काही
विचारलं नाही.

नाना प्रतापनगरला रेल्वेच्या हिशेब खात्यात,
छत्तीस वर्षं.
आता जेवलो की नाही ते आठवत नाही,
आई भाजी घेऊन अजून कशी आली नाही, विचारतात,
तिला जाऊन नऊ वर्षं झाली.
एक तारीख मात्र अंगात मुरलेली.
सकाळीच टेबलाशी बसतात,
दाढी केलेली, नोटांना रबरबँड.
"व्हाउचर आणा."

मी वहीचं पान फाडते, रेव्हेन्यू स्टँप चिकटवते.
ते बोटाला थुंकी लावून दोनदा मोजतात.
"रजा किती?"
दोन, मी सांगते, तिची मुलगी तापाने फणफणली होती.
"भरपगारी. नियमात बसतं."
रेसलीबेन स्टँपवरून आडवी सही करते,
एकेक अक्षर, जणू विहिरीतून वर काढतेय,
आणि नाना घाई करत नाहीत.
या माणसाच्या लाल शाईला
अख्खं ऑफिस टरकायचं.

या महिन्यात ती सही करून उठली,
तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले,
"आणि रात्रपाळीच्या बाई, तुमचं?"

मला वाटलं, थट्टा.
"नाव सांगा."
सांगितलं.
"आडनाव?"
सासरचं ओठावर आलं होतं, गिळलं.
कर्णिक, म्हटलं.
"अरे वा, आमच्यातल्याच की.
दर काय ठरलाय?"
काही ठरलं नव्हतं, नाना.
"असं कसं चालेल? आधी ठरवून घ्यावं माणसाने."
बराच वेळ छताकडे बघत त्यांनी हिशेब केला,
ओठ हलत होते,
मग शंभराच्या सात नोटा पुढे सरकवल्या.

आत कुकरची शिट्टी झाली.
मी सही केली.
त्यांनी कागद उजेडात धरून तपासला.
"तारीख राहिली."
तारीख घातली.

त्यातल्या साडेचारशेचं, दुसऱ्या दिवशी,
खंडेराव मार्केटजवळच्या मेडिकलमधून
डायपरचं पहिलं पाकीट आणलं.
बिल फायलीला लावलंय.